डोळे लाल नाहीत ना?

तो दुकानात शिरला आणि सरळ पुठ्ठ्याच्या बाईकडे गेला.

ही बाई म्हणजे आमच्या चष्म्याच्या दुकानातली जाहिरात. माणसाएवढी उंच, हसरी, दाराशेजारी कायम उभी. तो तिच्यासमोर जरासा वाकला आणि अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, माझा चष्मा नदीत पडला. दुसरा कधी मिळेल?"

मी काउंटरमागे काचा पुसत होते. हसू दाबायचं म्हटलं तरी दाबता येईना. "त्या बाई बोलत नाहीत," मी म्हटलं. "इकडे या, आवाजाच्या दिशेने."

तो वळला आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघायला लागला. चष्मा नसला की माणसं अशीच बघतात... समोरच्याला वाटतं, आपल्याला कोणीतरी फार मन लावून न्याहाळतंय. हे मला पक्कं ठाऊक आहे, माझा धंदाच आहे तो. तरीही माझा हात आपोआप केसांकडे गेला.

"माफ करा हं," तो म्हणाला. "त्या जास्त हसऱ्या वाटल्या."

दुकान मामाचं. मामा मागच्या खोलीत मशीनवर काचा घासतो, फ्रेममध्ये बसवतो आणि पुढे काय बोलणं चाललंय ते कान देऊन ऐकतो. डोळे तपासणं आणि लेन्स बसवणं माझ्याकडे. त्याचं रीतसर शिक्षण घेतलंय मी. आमच्या रस्त्याच्या टोकाला नदी आहे आणि हा माणूस तिथल्या फेरीबोटीवर कामाला होता. दोर टाकायचे, इंजिनाला तेल घालायचं, तिकिटं फाडायची. दोर टाकायला वाकला आणि चष्मा गेला, असं त्याने सांगितलं. सांगताना त्याला चष्म्याचं फारसं दुःख झालेलं दिसलं नाही.

नंबर काढला तर तो कुठल्या कुठे पुढे गेलेला. शाळा सुटल्यापासून पुन्हा डोळे तपासलेच नव्हते म्हणे. मी त्याला चांगलं झापलं. डोळ्यांच्या बाबतीत कोणी हयगय केली की माझा पारा चढतो, मग समोर गिऱ्हाईक असो की मामा. बाकीचे लोक अशा वेळी घड्याळ बघतात. हा हनुवटीला हात लावून ऐकत राहिला, मी काही गोष्ट सांगत असल्यासारखा.

मग तो मुद्द्यावर आला. चष्मा नुसता विचारायला विचारला होता, त्याला खरं तर डोळ्यात घालायच्या लेन्स हव्या होत्या. बोटीचं सुकाणू धरणारे काका लवकरच निवृत्त होणार होते आणि त्या जागेसाठी परीक्षा होती. मागे एकदा त्याने ती दिलेली होती. सुकाणूच्या केबिनमध्ये खालून इंजिनाची ऊब येते आणि बाहेर नदीवरचा गार वारा असतो. धक्का नीट दिसावा म्हणून बाहेर डोकावायचं आणि परत आत यायचं, की चष्म्यावर वाफ. त्या दिवशी ऐन वेळी काचा पांढऱ्या झाल्या आणि बोट धक्क्याशेजारच्या भिंतीला जाऊन घासली.

"कोणाला लागलं?" मी विचारलं.

"मला," तो म्हणाला आणि त्याने छातीवर बोट ठेवलं. "इथे."

लगेच हसलाही, पण ते हसू काही खरं नव्हतं. लहानपणापासून त्याला ते सुकाणू हवं होतं. काका म्हातारे होईपर्यंत तो दोर ओढत थांबला होता, आणि आता पुन्हा नापास झाला असता तर ती जागा दुसऱ्याला गेली असती. हे सगळं त्याने पुढे हळूहळू सांगितलं. पण खरं म्हणजे मला ते त्या बोटावरूनच कळलं होतं.

लेन्स शिकवण्यात अर्धी दुपार गेली. आमच्या दुकानाचा नियम असा, की ज्याला लेन्स स्वतःच्या हाताने काढता येत नाही त्याला ती घरी नेता येत नाही. घालायला काय, कोणीही शिकतं. काढता आली पाहिजे. डोळे झाकून दोराच्या गाठी मारणारा हा माणूस, पण लेन्स बोटावर घेतली की त्याचा हात थरथरायचा. लेन्स बोटावरून टेबलावर, टेबलावरून मांडीवर... ती पडली की मी त्याला पुन्हा साबणाने हात धुवायला पाठवायची, कोरड्या टॉवेलला पुसायला लावायची, लेन्स सोल्यूशनमध्ये धुवून घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

"एवढे हात मी लग्नाला जातानाही धुतले नव्हते," तो वैतागून म्हणाला.

"कोणाच्या लग्नाला?" मी विचारलं. उगाचच.

"बहिणीच्या." आणि मग त्याने मान वर करून, ओठ दाबून माझ्याकडे बघितलं. मी टॉवेलची घडी घालायला लागले. ती आधीच घातलेली होती.

शेवटी दोन्ही लेन्स बसल्या. सगळे आधी स्वतःला बघतात म्हणून मी आरसा पुढे केला. त्याने तो हळूच बाजूला सारला आणि माझ्याकडे बघितलं. आता डोळे बारीक नव्हते. मोठे होते, ओले, आणि त्यांना सगळं दिसत होतं.

"त्या पुठ्ठ्याच्या बाईंशी बोललो ती फार मोठी चूक झाली," तो म्हणाला.

मागे मामाचं मशीन बंद पडलं. मामाने ते मुद्दाम बंद केलं होतं.

मी घाईघाईने माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. झोपताना लेन्स काढायच्या, डुलकी काढायची असली तरी. लेन्सला पाणी लागू द्यायचं नाही, नळाचं नाही आणि नदीचं तर मुळीच नाही. तोंडात घालून ओली करायची नाही. हो, करतात लोक. लेन्स ठेवायच्या डबीतलं कालचं सोल्यूशन रोज ओतून टाकायचं, डबी कोरडी करायची, रोज नवीन घालायचं. डोळा लाल झाला, दुखला किंवा नीट दिसेनासं झालं, यातलं एक जरी झालं तरी लेन्स आधी काढायची आणि मग मला कळवायचं. तो प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. इतकं मुकाट्याने मान डोलवणारं गिऱ्हाईक मला आधी कधी मिळालं नव्हतं, आणि मी खूश होते.

नवीन लेन्सवाल्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करायचा, ही आमची पद्धत. तीन प्रश्न असतात. डोळे लाल नाहीत ना? दुखत नाहीत ना? दिसतंय ना स्वच्छ? हा फोन एकदाच करायचा असतो.

मी फोन केला तेव्हा त्याची पहिली फेरी निघायची होती, मागे इंजिन धडधडत होतं. डोळे लाल नव्हते. दुखत नव्हते. दिसतंय का, या प्रश्नावर मात्र त्याने हो-नाही म्हटलंच नाही.

"पलीकडच्या काठावरच्या झाडांना पानं आहेत," तो म्हणाला. "सुटी सुटी. मला वाटायचं, नुसता हिरवा रंग फासलाय."

मी फोन लांब धरून डोळे पुसले. एका माणसाला पानं दिसली, त्यात रडण्यासारखं काय आहे? पण रडू आलं खरं.

त्याच्या पुढच्या सकाळी मी पुन्हा फोन केला. तपासणीचा भाग आहे, असं ठोकून दिलं. त्याने ते खरं मानलं... किंवा मानल्यासारखं दाखवलं. मग ते रोजचंच झालं. माझे प्रश्न तेच, त्याची उत्तरं रोज नवीन. लाल फक्त बोट आहे, तोही रंग उडालाय. दुखतोय तो खांदा, चालेल का? आणि दिसतंय का म्हटलं की तो सांगत सुटायचा. सकाळी पाण्यावरून उठणारी वाफ. काठावर एका पायावर पेंगणारा बगळा. शेवटच्या बाकावरचं म्हातारं जोडपं, जे या काठापासून त्या काठापर्यंत भांडतं आणि भांडताना एकमेकांचा हात सोडत नाही. मी डोळे मिटून ऐकायची. माझे डोळे ठणठणीत आहेत, पण रस्त्याच्या टोकाची ती नदी मी पहिल्यांदा नीट बघितली ती त्याच्या फोनमधून.

"बाकीच्या गिऱ्हाइकांचे डोळे वाऱ्यावर सोडलेस का गं?" मामाने एकदा विचारलं. "का फक्त तुझ्या नावाड्यालाच डोळे आहेत?"

"नावाडी काय मामा, मोटारबोट आहे ती."

"मग तर लवकर पोहोचेल," मामा म्हणाला आणि काच घासायला लागला.

ठरल्याप्रमाणे तो तपासणीला आला. डोळ्यात तिरपा उजेड सोडून बघायचं एक यंत्र असतं. गिऱ्हाइकाने पट्टीवर हनुवटी टेकवायची आणि आपण पलीकडून भिंगातून बघायचं. मध्ये यंत्र असतं, पण चेहरे इतके जवळ येतात की समोरच्याचा श्वास ऐकू येतो. हे मी दिवसातून कितीतरी वेळा करते आणि मला कधी काही वाटत नाही. त्या दिवशी वाटलं. खोलीत अंधार होता, त्याच्या कपड्यांना डिझेलचा आणि नदीचा वास होता, आणि माझ्या भिंगात त्याचं तपकिरी बुबुळ चांगलं बशीएवढं दिसत होतं.

"वर बघा," मी म्हटलं. "खाली. आता माझ्या उजव्या कानाकडे."

"कानातलं छान आहे."

"बोलू नका, डोकं हलतं."

"बरं..." आणि जरा वेळाने, ओठ न हलवता, "दुसऱ्या कानाकडे कधी बघायचं?"

डोळे निरोगी होते. लेन्स छान बसली होती. मी ते दोनदा तपासलं, आणि दुसऱ्यांदा तपासायची काहीच गरज नव्हती.

परीक्षेच्या आदल्या सकाळी मी फोन केला. आता त्याला धीर द्यायचा होता, दोन शब्द बोलायचे होते. आधी प्रश्न विचारले.

"नाही," तो म्हणाला. "नाही. हो. बरं, ठेवतो."

फोन बंद झाला. मी तशीच उभी राहिले. नाही, नाही, हो. ना खांदा, ना बगळा. इतक्या दिवसांत त्याने मला सरळ उत्तर कधी दिलं नव्हतं, आणि ज्या दिवशी दिलं त्याच दिवशी मला ते खोटं वाटलं. समोर एक बाई फ्रेम लावून बघत होत्या. मामाला हाक मारून मी त्यांना त्याच्या हवाली केलं आणि चपला घालून बाहेर पडले.

बोट धक्क्याला लागलेली होती. तो केबिनच्या सावलीत, उन्हाकडे पाठ करून बसला होता. टोपी नाकापर्यंत ओढलेली. मी समोर उभी राहिले तेव्हा त्याने मान वर केली आणि लगेच खाली घातली, पण तेवढ्यात मला दिसायचं ते दिसलं. डावा डोळा लालभडक झाला होता आणि त्यातून पाणी गळत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काल दुपारपासून. थोडं खुपतंय. झोप झाली नाही म्हणून असेल."

"उजेड सहन होतोय?"

त्याने टोपी पुन्हा खाली ओढली. मी डबी मागितली. त्याने इंजिनाच्या खोलीतून आणून दिली. तेलाच्या कॅनशेजारी, स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवली होती, अगदी जपून. मी झाकण उघडलं. आतलं सोल्यूशन गढूळ होतं. कालचं ओतून टाकता की नाही, असं विचारलं तर तो माझ्याकडे नवलाने बघायला लागला. ओतायचं कशाला? कमी झालं की वरून भरायचं. इंजिनाचं तेलही तसंच भरतात. बोटीवर कोणी तेल फेकत नाही. मी सांगितलेलं त्याने ऐकलं होतं, मान डोलवली होती, आणि मग घरी जाऊन त्याच्या हातांनी तेच केलं जे ते इतकी वर्षं करत आले होते.

मला रागवायलाही सुचेना. "लेन्स काढा," मी म्हटलं.

"उद्या काढतो. परीक्षा झाली की लगेच."

"आत्ता काढा. डोळ्यात जंतू गेलेत तुमच्या. हे बुबुळावरच्या पडद्याला खातं आणि तिथे पांढरा डाग राहतो. तो मधोमध पडला तर चष्मा लावा नाही तर काहीही लावा, दिसणार नाही."

"एक दिवस, मॅडम. मी एवढी वर्षं थांबलोय... तुम्हाला माहीत आहे. एकाच डोळ्याने घेऊन जाईन बोट."

"आणि बोटीतली माणसं?"

तो उठून उभा राहिला. आवाज चढवला नाही, पण हातांच्या मुठी वळल्या होत्या. "तुम्ही आज इथे आलाच नाहीत असं समजा."

मला त्या क्षणी काय वाटत होतं ते सांगते. मला तो हवा होता. सकाळचा तो फोन, तो बगळा, ओठ न हलवता केलेली ती चेष्टा, सगळं मला जन्मभर हवं होतं. आणि पुढचं वाक्य बोलले की ते सगळं हातचं जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

"लेन्स काढल्या नाहीत तर मी आत्ता फेरीबोटीच्या कचेरीत जाते," मी म्हटलं. "यांना एका डोळ्याने नीट दिसत नाही, असं सांगते."

तो माझ्याकडे बघत राहिला. एक डोळा लाल, एक पांढरा, आणि दोन्हीत मी परकी झालेले. मग तो खाली गेला, साबणाने हात धुतले, पुसले आणि दोन्ही लेन्स काढल्या. नीट, मी शिकवल्यासारख्या. दोन्ही डबीत ठेवून त्याने डबी माझ्या हातात दिली.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच त्याला घेऊन गेले. डबी बरोबर नेली होती, कारण त्यातलं सोल्यूशन तपासलं की जंतू कोणते ते कळतं. डॉक्टर म्हणाले, बुबुळाच्या कडेला जखम आहे, अजून मध्ये सरकलेली नाही. आजचा दिवस गेला असता तर सांगता येत नव्हतं. दर तासाला थेंब, अंधारी खोली आणि लेन्सचं नाव काढायचं नाही. चष्म्याने परीक्षा देता येईल का, असं त्याने विचारलं. डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. जखम भरेपर्यंत डोळा उजेडात न्यायचा नव्हता.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी त्याचा हात धरायला गेले. त्याने तो मागे घेतला.

"झालं तुमचं समाधान?" तो म्हणाला, आणि कठड्याला धरून एकटाच उतरून गेला.

परीक्षा झाली. दुसऱ्या बोटीवरचा एक खलाशी पास झाला आणि सकाळची पाळी त्याला मिळाली. काका दोन्ही पाळ्या करत; संध्याकाळच्या पाळीला कोणी मिळालं नाही म्हणून ते कुरकुरत अजून काही दिवस थांबले. हे सगळं मला तिकिटाच्या खिडकीवरून कळायचं, कारण त्याने फोन उचलणं बंद केलं होतं. मी रोज सकाळी करायची. वाजून वाजून बंद व्हायचा. मग मी दुकान उघडायची, काचा पुसायची आणि एखाद्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघताना माझेच डोळे भरून यायचे. औषधाचा वास झोंबला, असं सांगायची. मी आता लोकांना डबी कशी ओतायची ते बेसिनवर नेऊन, त्यांच्याकडून करवून दाखवायला लागले होते. नुसत्या डोलणाऱ्या मानेवर माझा भरवसा उरला नव्हता.

एक दिवस मामा मागच्या खोलीतून बाहेर आला आणि शेजारी बसला. मामा सहसा बसत नाही.

"डोळा वाचला ना त्याचा?" त्याने विचारलं.

"वाचला."

"मग रड. पण मान वर करून रड."

मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मनसोक्त रडले. अंगावर काचेची पूड सांडलेली असते त्याच्या, पण मामाने त्या दिवशी शर्ट बदललेला होता.

आणि मग एका ढगाळ दुपारी दार उघडलं आणि तो आत आला. डोळ्यांवर कुठूनतरी आणलेला जुनाट चष्मा होता. पुठ्ठ्याच्या बाईला वळसा घालून तो सरळ माझ्यासमोर आला आणि डॉक्टरांचा कागद काउंटरवर ठेवला. जखम भरली होती.

संध्याकाळच्या पाळीसाठी पुन्हा परीक्षा ठरली होती, या आठवड्याअखेर. "लेन्स मिळतील?" त्याने विचारलं. तेवढंच.

मी त्याला यंत्राशी बसवलं. हनुवटी टेकवली, उजेड सोडला. बुबुळाच्या कडेला पांढरा ठिपका होता, मोहरीहूनही बारीक, बाहुलीपासून दूर. मला तो दिसला आणि मी उजेड त्याच्यावरच धरून ठेवला. इथेच थांबला होता तो. आत शिरायच्या आधी.

कान, कानातलं, कशाबद्दल तो काही बोलला नाही. मी दिवा बंद केला. आता नाही म्हटलं की तो उठून जाणार, आणि या वेळी कायमचाच. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. बहुतेक काही झालंही नसतं.

"नाही," मी म्हटलं. "इतक्यात नाही. अजून ताजं आहे ते."

अंधारात त्याचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "तुम्ही माझ्यासाठी नियम मोडता का, एवढंच बघायचं होतं."

"आणि मोडला असता तर?"

"तर चष्मा दुसऱ्या दुकानातून घेतला असता."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी अंधारातच विचारलं, फोन का उचलला नाही. तो म्हणाला, आधी रुसला होता. रुसवा लवकरच संपला, पण मग लाज वाटायला लागली, आणि ती काही संपेना. "फोन वाजायची वेळ झाली की मी उठून बसायचो," तो म्हणाला. "वाजला की बरं वाटायचं. डॉक्टरांच्या औषधाने फक्त डोळा बरा होत होता."

चष्मा मामाने केला. एवढं मन लावून त्याने माझ्या लहानपणी माझी सायकलही दुरुस्त केली नव्हती. काचा वाफ न धरणाऱ्या निवडल्या. फ्रेम गालांपासून जराशी सुटी राहील अशी वाकवली, म्हणजे आतून वारा खेळतो. मागून दोरी लावली, म्हणजे नदीत पडायला नको. पुन्हा पुन्हा त्याला ऊबदार मागच्या खोलीत बसवलं, मग बाहेर रस्त्यावर पिटाळलं, मग परत आत घेतलं. काचा स्वच्छ राहिल्या. मामा इतका खूश झाला की त्याने नावाड्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला "अरे" म्हणायला लागला.

परीक्षेच्या संध्याकाळी मी बोटीत जाऊन बसले, शेवटच्या बाकावर. ते म्हातारं जोडपं होतं, भांडत होतं. पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हता, नुसतं धुकं विरघळून खाली येत होतं, आणि नदी, आकाश, काठ सगळं एकाच राखाडी रंगाचं झालं होतं. केबिनच्या काचेतून मला त्याची पाठ दिसत होती. शेजारी परीक्षक, मागे काका. तो बाहेर डोकावला, आत आला, पुन्हा डोकावला... मी बाकाची कड घट्ट धरून बसले. पाण्यात तरंगणाऱ्या लाल-हिरव्या खुणा एकेक करत बाजूने सरकत गेल्या. पलीकडचा धक्का धुक्यातून वर आला, मोठा झाला, आणि मी श्वास रोखला. बोट त्याला इतक्या अलगद लागली की भांडणाऱ्या आजोबांना कळलंही नाही. ते बोलतच राहिले.

परीक्षक उतरताना काकांशी हसून काहीतरी बोलले. काका केबिनमधून बाहेर आले, टोपी काढली आणि ती त्याच्या डोक्यावर ठेवून, एकदाही मागे न बघता उतरून गेले. लोक गेले. आजी-आजोबा गेले. मी उठले आणि केबिनच्या दारात जाऊन उभी राहिले.

बाहेर डोकावून डोकावून त्याच्या काचांवर बारीक थेंब बसले होते. त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. मी तो हातातून काढून घेतला. शर्टाने काचेला ओरखडे पडतात.

"पास," तो म्हणाला.

"बघितलं मी."

मी पर्समधून फडकं काढून काचा पुसत राहिले, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ. तो उभा होता. पुन्हा तेच बारीक केलेले डोळे.

"मला काहीतरी बोलायचंय," तो म्हणाला. "पण तुम्ही धुक्यात आहात. तुमचा चेहरा दिसत असताना बोलायचंय."

"मग लावा चष्मा."

"नको. बिनचष्म्याचं किती अंतरावरचं दिसतं मला? तुम्हाला माहीत असेल."

आणि मी, वर्षानुवर्षांच्या सवयीने, अगदी दुकानातल्या आवाजात सांगून टाकलं, "तुमच्या नंबरला वीतभर. त्याच्या पलीकडचं सगळं पुसट."

बोलून झाल्यावर मला कळलं, मी काय बोलले ते. कान तापले. त्याने हात पुढे केला, तेलाने काळी झालेली बोटं ताणली, आणि हवेत, त्याच्या डोळ्यांपासून माझ्या दिशेने एक वीत मोजली. ती फारच थोडी होती.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "तू मला नाही म्हणालीस तेव्हाही आवडत होतीस. तेव्हा तर जास्तच, म्हणून तर एवढा चिडलो."

"मला वाटलं होतं, मी तुला घालवून बसले," मी म्हटलं. माझे डोळे वाहायला लागले होते आणि या वेळी मी औषधाचं निमित्त सांगितलं नाही. "रोज वाटायचं. तरी पुन्हा तसंच केलं असतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "ये ना."

मी वीतभर अंतरावर गेले. त्याचे डोळे मोठे झाले. मी त्याला दिसले. आणि मग मी अजून पुढे गेले, इतकी जवळ, की तिथून कोणालाच काही स्पष्ट दिसत नाही.